ओपनस्ट्रीटमॅपवर वेगमर्यादा: पाटी दिसली नाही तर अंदाजाने आकडा भरावा का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यातली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही. रात्री वळणावळणाच्या चढाने गाडी चालवत होतो. फोनवर ओस्मअँड, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप हा सगळ्यांनी मिळून भरलेला खुला नकाशा वापरणारं वाट दाखवणारं ॲप, चालू होतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात मर्यादा ताशी ८० किलोमीटर दिसत होती. एका वळणाच्या अलीकडे दिव्याच्या उजेडात लाल कड्याची गोल पाटी चमकली. त्यावर ४०. पाटी दिसली म्हणून वेळेत वेग कमी केला. ॲप मात्र वळण संपेपर्यंत, आणि त्यानंतरही, ८०च दाखवत राहिलं.

घरी आल्यावर त्या रस्त्याचा इतिहास उघडला. ८० हा आकडा दोन वर्षांपूर्वी मीच भरला होता. त्या रस्त्याचे सगळे तुकडे एकदम निवडले, 'अशा रस्त्याला ८०च असते' असं मनाशी धरलं आणि टॅग (रस्त्याला जोडायची माहितीची नोंद) लावून मोकळा झालो. चेंजसेटच्या (एका वेळी केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याच्या) शेऱ्यात नुसतं 'वेगमर्यादा भरली' असं लिहिलं आहे. कुठून आणली, काही नाही. दोन वर्षं तो आकडा किती जणांच्या पडद्यावर दिसला असेल, याचा विचार करून मन खट्टू होतं.

आता तो रस्ता नीट करायचा आहे. पाटी दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या ठिकाणी असेल तर नकाशातली रस्त्याची रेघ कुठे तोडायची? काही पट्ट्यांत पाटीच नाही, तिथे काय लिहायचं? आणि मी असेच अंदाजाने भरलेले बाकीचे रस्ते, ते पुसून टाकू की राहू देऊ? जाणकारांनी सांगावं.

(टॅग अर्थातच रोमन अक्षरांत भरायचे असतात. इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहितो आहे.)

---

मैलाचा_दगड

पाऊलवाट, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. असे रस्ते माझ्याही खात्यावर होते. सगळे दुरुस्त करायला दीड वर्ष लागलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: रेघ पाटीपाशी तोडायची. वळण सुरू होतं तिथे नाही, घरं सुरू होतात तिथे नाही, चौकातही नाही. जिथे खांब उभा आहे, बरोबर तिथे.

तुमच्याच वळणाचं उदाहरण घेऊ. समजा रेघ खालून वर काढलेली आहे, म्हणजे चढण ही 'फॉरवर्ड' दिशा. चढणाऱ्याला ४०ची पाटी एका ठिकाणी लागते. उतरणाऱ्याची '४० संपली' ही पाटी मात्र त्याच्या साठेक मीटर खाली उभी असते. मग त्या साठ मीटरांत चढणाऱ्याला अजून ८० आहे आणि उतरणाऱ्याला ४०. हा साठ मीटरांचा वेगळा तुकडा करायचा. मॅक्सस्पीड हा वेगमर्यादेचा टॅग; त्यावर मॅक्सस्पीड:फॉरवर्ड=८० आणि मॅक्सस्पीड:बॅकवर्ड=४०. साधा मॅक्सस्पीड त्या तुकड्यावरून काढून टाकायचा. त्याच्या वरच्या तुकड्याला मॅक्सस्पीड=४०, खालच्याला ८०.

इथे नवखी माणसं हमखास अडकतात ती दिशेत. फॉरवर्ड म्हणजे रेघ ज्या दिशेने काढली ती दिशा, उत्तर-दक्षिण नव्हे की तुम्ही गेलात ती दिशा नव्हे. पुढे कुणी ती रेघ उलटी केली तर दोन्ही टॅग आपापसांत बदलावे लागतात. जोसम आणि आयडी, दोन्ही एडिटर हे करतात किंवा विचारतात. आलेली सूचना न वाचता पुढे जाऊ नका.

रेघ तोडली की आणखी एक गोष्ट बघायची: तिच्यावर बसची रिलेशन (मार्गाचे तुकडे एकत्र बांधणारी नोंद) किंवा 'उजवीकडे वळू नये' अशी बंधनं आहेत का. बसच्या रिलेशनमध्ये दोन्ही तुकडे राहायला हवेत. वळणबंदीत मात्र चौकाला टेकलेला तुकडाच राहायला हवा, दुसरा नको. एडिटर हे बहुधा बरोबर सांभाळतो. तरी एकदा डोळ्यांखालून घालावं.

---

खिडकीजवळची

धागा वाचनखुणेत साठवला. मी स्वतः गाडी चालवत नाही, कायम शेजारच्या सीटवर असते, त्यामुळे पाट्या टिपणं हे माझ्याकडेच आलं. चालवणाऱ्याने हे काम करूच नये. फोनला हात लावायचा नाही, डोळे पाटीवर रेंगाळू द्यायचे नाहीत.

माझी पद्धत अशी. फोनवर जीपीएसचा माग चालू ठेवायचा आणि आवाज रेकॉर्ड करत राहायचं. पाटी खिडकीला समांतर आली त्या क्षणी बोलायचं: "पन्नास सुरू, डावीकडे." दुरून दिसल्याबरोबर बोललं की सगळंच अलीकडे सरकतं. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. तीन सेकंद लवकर किंवा उशिरा बोललात की पाटी नकाशात पन्नास मीटर हलली. घरी आल्यावर जोसममध्ये माग आणि आवाज एकमेकांशी जुळवता येतात. मागावर टिचकी मारली की त्या जागेचा आवाज ऐकू येतो.

फोटो काढत असाल तर निघण्यापूर्वी पहिला फोटो जीपीएसच्या घड्याळाचा, सेकंदकाट्यासह. कॅमेऱ्याचं घड्याळ बहुधा पुढेमागे असतं. तो एक फोटो असला की फरक कळतो आणि बाकीचे सगळे फोटो एका फटक्यात जागेवर बसतात. मी एकदा हे विसरले होते, तर सगळ्या पाट्या आधीच्या चौकात जाऊन बसल्या. सगळी फेरी पुन्हा करावी लागली.

---

आकडेमोड

चर्चा चांगली चालली आहे. मी राउटिंगच्या (ॲपने मार्ग शोधण्याच्या) बाजूने थोडं लिहितो, कारण 'एवढं काटेकोर कशाला' असं बरेच जण विचारतात.

नेव्हिगेशनला रस्ता मीटरांत नाही, सेकंदांत मोजायचा असतो. प्रत्येक तुकड्याची लांबी भागिले वेग. वेग कुठून आणायचा? मॅक्सस्पीड असेल तर तिथून, नसेल तर रस्त्याच्या वर्गावरून. ओएसआरएम या राउटरच्या (मार्ग काढणाऱ्या प्रोग्रामच्या) मोटारीसाठीच्या मूळ प्रोफाइलमध्ये (नियमांच्या संचात) मोटरवेला ९०, प्रायमरीला (मुख्य रस्ता) ६५, सेकंडरीला (दुय्यम रस्ता) ५५ आणि रेसिडेन्शियलला (वस्तीतला रस्ता) २५ धरलेले आहेत. मॅक्सस्पीड भरलेला असेल तर त्याच्या ८० टक्के धरतात, कारण कुणीही मर्यादेच्या आकड्यावर अखंड चालत नाही.

म्हणजे प्रायमरी रस्त्यावर काहीच भरलं नाही तर ६५ धरतो आणि ८० भरले तर ६४. जवळपास तेच. म्हणून रिकामं सोडलं तर नेव्हिगेशन कोलमडत नाही. पण खरी मर्यादा ४० असलेल्या पट्ट्यावर ८० भरले, तर राउटर ३२ ऐवजी ६४ धरतो. १२ किलोमीटरचा पट्टा असेल तर साडेबावीस मिनिटांऐवजी सव्वाअकरा. मग तो रस्ता 'जवळचा' ठरतो आणि ज्या वस्तीतून गाड्या हळू जाव्यात म्हणून मर्यादा उतरवली, नेमक्या त्याच वस्तीतून परक्या गाड्या जाऊ लागतात.

एक विनंती: मॅक्सस्पीडमध्ये 'इथे प्रत्यक्षात एवढ्यानेच जाता येतं' हा आकडा भरू नका. खड्डे असतील तर सरफेस (पृष्ठभाग) आणि स्मूदनेस (सपाटपणा) हे टॅग भरा. रस्ता अरुंद असेल तर रुंदी भरा. त्यावरून राउटर स्वतः वेग उतरवू शकतो. मर्यादा म्हणजे कायद्याने घातलेली मर्यादा, तेवढीच.

---

उत्तरध्रुव

मला थोडं वेगळं वाटतं. पाटी नसली म्हणून मर्यादा नसते असं नाही. बहुतेक देशांत वस्तीत अमुक, वस्तीबाहेर तमुक असा कायदा असतो. मग स्क्रिप्ट लिहून सगळ्या वस्तीतल्या रस्त्यांना एकदम आकडा का लावू नये? शेकडो माणसांनी एकेक पाटी बघत फिरण्यात आयुष्यं जातील. रिकाम्या रस्त्यापेक्षा कायद्यातला आकडा केव्हाही बरा.

---

मैलाचा_दगड

उत्तरध्रुव, पाटी नसलेल्या रस्त्यालाही मर्यादा असते, हे अगदी मान्य. पण आकडा नुसता टाकणं आणि कायद्यातून आला असं नोंदवून टाकणं यात फार मोठा फरक आहे. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्रान्सचं उदाहरण घ्या. १ जुलै २०१८ पासून तिथे वस्तीबाहेरच्या, मध्ये दुभाजक नसलेल्या दुहेरी रस्त्यांची मर्यादा ९० वरून ८० झाली. नकाशात अशा असंख्य तुकड्यांवर ९० लिहिलेलं. त्यातले काही ९० कायद्यातून आलेले, काही प्रत्यक्ष पाटीवरचे. नुसता मॅक्सस्पीड=९० असेल तर कोणता बदलायचा आणि कोणता ठेवायचा हे घरबसल्या सांगताच येत नाही. पण जिथे सोर्स:मॅक्सस्पीड=एफआर:रूरल (स्रोत: फ्रान्सचा वस्तीबाहेरचा नियम) अशी नोंद होती, तो कायद्यातला ९० आहे हे उघड. आणि जिथे 'साइन' (पाटी) लिहिलेलं, त्याला हात लावायचा नाही, कुणीतरी जाऊन पाटी बघायची.

स्पेनमध्ये ११ मे २०२१ पासून वस्तीतल्या, प्रत्येक दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यांना ३० लागू झाले. आता लेनची संख्या भरलेली असणंही महत्त्वाचं झालं. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ ला वस्तीतली मूळ मर्यादा ३० मैलांवरून २० मैलांवर आली. तिथली गंमत, म्हणजे खरंच बारकाईने बघण्यासारखी गोष्ट, अशी की 'वस्तीतला रस्ता' पाटीने नव्हे तर दिव्याच्या खांबांनी ठरतो. खांब एकमेकांपासून २०० यार्डांपेक्षा, म्हणजे सुमारे १८३ मीटरांपेक्षा, जास्त लांब नसतील तर तो रस्ता त्या मर्यादेत येतो. शिवाय काही रस्ते स्थानिक परिषदांनी ३०वरच ठेवले. आता सांगा, स्क्रिप्ट हे कशावरून ओळखणार? नकाशात दिव्याचे खांब भरलेले असतील तरच.

म्हणून माझा आग्रह असा: आकडा कुठून आला ते लिहिल्याशिवाय आकडा लिहूच नका. पाटी बघितली तर 'साइन'. कायदा लावला तर देशाचा कोड आणि अर्बन (वस्तीतला) किंवा रूरल. काही ठिकाणी यासाठी मॅक्सस्पीड:टाइप वापरतात, त्या त्या देशात काय रुळलं आहे ते ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर बघून घ्या. आणि यातलं काहीच ठाऊक नसेल तर रस्ता रिकामा ठेवा. रिकामा रस्ता पुढच्या माणसाला दिसतो. स्ट्रीटकम्प्लीटसारखं ॲप तो शोधून तिथून चालणाऱ्याला विचारतं की इथे पाटी कोणती आहे. चुकीचा आकडा भरलेला रस्ता मात्र कुणी विचारतच नाही. तो भरलेला दिसतो, म्हणून सगळे पुढे जातात.

---

उत्तरध्रुव

हं. शेवटचा मुद्दा पटला. भरलेला रस्ता कुणाच्या यादीत येत नाही हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. स्क्रिप्टचा विचार मागे घेतो.

---

आकडेमोड

उत्तरध्रुव, स्क्रिप्टबद्दल एवढंच जोडतो की ओएसएममध्ये (ओपनस्ट्रीटमॅपमध्ये) यंत्राने एकगठ्ठा बदल करायचे असतील तर आधी समुदायासमोर मांडावे लागतात, त्याची आचारसंहिता आहे. न विचारता केलेले बदल कुणीही उलटवू शकतं. तुमची मेहनत फुकट जाईल.

---

नवी_वाट

मी नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. दुसऱ्या कंपनीच्या नकाशात मर्यादा दिसते, किंवा त्यांच्या रस्त्यावरच्या फोटोंत पाटी स्पष्ट वाचता येते. ते बघून भरलं तर काय बिघडतं? पाटी तर सरकारी आहे.

---

मैलाचा_दगड

अजिबात भरू नका. पाटी सगळ्यांची असली तरी तो फोटो आणि तो साठा कंपनीचा आहे, आणि बहुतेकांच्या अटींत त्यावरून दुसरा नकाशा बनवायला मनाई असते. ओएसएमचा डेटा सप्टेंबर २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या डेटाच्या परवान्याखाली आहे. त्यात परक्या साठ्यातून उचललेलं मिसळलं तर ते शोधून काढून टाकावं लागतं, आणि त्याच्यावर इतरांनी केलेलं कामही सोबत जातं.

फोटोच बघायचे असतील तर मॅपिलरी हा रस्त्यांच्या फोटोंचा साठा आहे. तिथले फोटो बघून ओएसएम भरायला परवानगी आहे. तिथे यंत्र फोटोंतल्या पाट्या ओळखून दाखवतं. पण यंत्राने ओळखलेली पाटी जशीच्या तशी घेऊ नका. फोटो उघडा, तारीख बघा, पाटी कोणत्या रस्त्याकडे तोंड करून आहे ते बघा. समांतर सेवारस्त्याची ३०ची पाटी मुख्य रस्त्यावर चढवलेली मी कितीदा तरी दुरुस्त केली आहे.

---

खिडकीजवळची

पाटीच्या आकाराबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. नवी_वाट, हे तुमच्या उपयोगाचं आहे. १९६८च्या व्हिएन्ना करारातल्या पद्धतीप्रमाणे लाल कड्याचं वर्तुळ म्हणजे बंधनकारक मर्यादा. वळणावर चौकोनी पाटीवर आकडा असतो तो बहुतेक देशांत सल्ला असतो. अमेरिकेत तर मर्यादाच पांढऱ्या आयतात लिहितात आणि पिवळ्या पाटीवरचा आकडा सल्ल्याचा. सल्ल्यासाठी मॅक्सस्पीड:ॲडव्हायझरी हा वेगळा टॅग आहे. जर्मनीतल्या ऑटोबानच्या मर्यादा नसलेल्या पट्ट्यांवर म्हणूनच मॅक्सस्पीड=नन (मर्यादा नाही) असतं. तिथले १३० ही मर्यादा नाही, शिफारस आहे.

आणि एकक! आकड्यापुढे काही लिहिलं नसेल तर किलोमीटर धरतात. मैलांच्या देशात ३० लिहून 'एमपीएच' (ताशी मैल) जोडायला विसरलात तर ४८ किलोमीटरची मर्यादा ३० होऊन बसते.

---

चाकोरी

उशिरा आलो, सगळं वाचलं. ट्रक चालवतो, म्हणून माझ्या गरजेचं सांगतो. आमची मर्यादा बऱ्याच ठिकाणी मोटारीहून कमी असते आणि खाली छोट्या पाटीवर ट्रकचं चित्र असतं. ते मॅक्सस्पीड:एचजीव्ही (जड मालवाहू गाड्यांची मर्यादा) मध्ये भरा, कृपा करून. मोटारीचा आकडा पडद्यावर बघत चालवण्यापेक्षा मला काहीच न दिसलेलं चालतं.

दुसरं म्हणजे खालच्या छोट्या पाटीवरची वेळ. बरेच जण वरचा आकडा घेतात आणि वेळ सोडून देतात. शाळेच्या वेळेपुरती ३० असेल तर चोवीस तास ३० लिहिणं चूक आणि अजिबात न लिहिणंही चूक.

---

आकडेमोड

चाकोरी, तुमच्यासारख्यांनी लिहिलं की नेमकं कळतं, धन्यवाद. वेळेसाठी मॅक्सस्पीड:कंडिशनल (अटीसह मर्यादा) आहे. नेदरलँड्समधले मोटरवे घ्या. मार्च २०२० पासून दिवसा १०० आणि काही पट्ट्यांवर रात्री १३० अशी रचना केली. अशा पट्ट्यांवर मॅक्सस्पीड=१३० आणि कंडिशनलमध्ये १०० @ (०६:००-१९:००). शाळेसाठी मूळ मर्यादा ५० असेल तर तीच मॅक्सस्पीडमध्ये ठेवायची आणि कंडिशनलमध्ये ३० @ (सोमवार ते शुक्रवारची इंग्रजी आद्याक्षरं आणि वेळ). पावसासाठी वेळेच्या जागी 'वेट' (ओला रस्ता) लिहितात.

रस्त्याच्या कामापुरत्या उभ्या केलेल्या पाट्या मात्र भरू नका. पाटी आठवड्यात निघते, आकडा वर्षानुवर्षं राहतो.

---

उत्तरध्रुव

मर्यादा सुरू कुठे होते ते सगळ्यांनी सांगितलं. संपते कुठे? माझ्या भागात संपल्याची पाटी निम्म्या ठिकाणी नाहीच.

---

मैलाचा_दगड

हे देशागणिक वेगळं आहे आणि ते पाठ नसेल तर चूक ठरलेलीच. पोलंडमध्ये पाटीवरची मर्यादा पुढच्या चौकाशी संपते. जर्मनीत चौक आला म्हणून ती आपोआप संपत नाही. तेव्हा आधी त्या देशाचा नियम वाचा. तरीही उलगडा झाला नाही तर पाटीचा नोड (नकाशावरचा बिंदू) तेवढा टाका आणि पुढच्या पट्ट्यावर 'फिक्समी' (दुरुस्ती हवी) हा टॅग लिहून शंका मांडा. दिसली ती पाटी खरी आहे, तेवढी तरी नकाशात जाते.

---

खिडकीजवळची

यात आणखी एक भर. युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ती कॅमेऱ्याने पाटी वाचते, नकाशातला आकडा घेते किंवा दोन्ही करते. कुठल्याही नकाशातला आकडा आता नुसता बघण्यासाठी राहिलेला नाही. म्हणून पाऊलवाट, तुम्ही जुने आकडे उकरून काढताय हे फार मोलाचं वाटतं.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शनिवार त्या रस्त्यावर घालवले. भाऊ गाडी चालवत होता, मी शेजारी बसून बोलत होतो, खिडकीजवळची यांनी सांगितलं तसं पाटी समांतर आल्यावरच. आधी घड्याळाचा फोटोही काढला. दोन्ही दिशांनी दोन-दोन फेऱ्या केल्या.

पूर्वी एकच ८० असलेल्या त्या रस्त्याचे आता अकरा तुकडे झाले आहेत. चार ठिकाणी दोन्ही दिशांचे आकडे वेगळे निघाले. ज्या वळणाने हे सगळं सुरू झालं, तिथला मधला तुकडा ५५ मीटरांचा आहे. आठ तुकड्यांवर 'साइन', एकावर कायद्यातला आकडा आणि तसा स्रोत. उरलेल्या दोनांवरचे ८० पुसले. तिथे एका खांबावर वेल इतकी चढली आहे की आकडा वाचता येत नाही. फक्त लाल कड दिसते. तिथे नोट (इतरांसाठी नकाशावर ठेवायची टीप) टाकून ठेवली आहे.

बाकीच्या जुन्या रस्त्यांचं असं ठरवलं: माझ्याच चेंजसेटमधून यादी काढली, सत्तावीस तुकडे निघाले. ज्यांच्यावर मॅपिलरीचा फोटो सापडेल ते तपासून दुरुस्त, बाकीच्यांवरचा आकडा काढून टाकणार. प्रत्येक वेळी शेऱ्यात कारण लिहीन.

---

चाकोरी

वेलीच्या खांबाची नोट बघितली. त्या बाजूने गुरुवारी माल घेऊन जायचं आहे. थांबायला जागा असेल तर उतरून बघतो.

---

चाकोरी

खाली उभं राहून वेल बाजूला केली. ६० आहे. खाली छोटी पाटीही आहे, ट्रकला ४०. दोन्हीचा फोटो नोटला जोडला.

---

पाऊलवाट

भरलं. एचजीव्हीसकट. नोट बंद केली. आता पुढच्या रस्त्याला लागतो.